शेंद्रा ते मुंबई : किती किलोमीटर, किती तास

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, जालना रस्त्यावर वसलेल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीपासून मुंबई किती दूर आहे, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कारण अंतर कोणत्या रेषेवर मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा, म्हणजे महावर्तुळाचा कंस, धरला तर संभाजीनगर ते मुंबई हे अंतर सुमारे 280 किलोमीटर भरते आणि शेंद्र्याहून त्यात थोडी भर पडते. लोहमार्ग मात्र आधी वायव्येस मनमाड गाठतो व तेथून नैर्ऋत्येस वळतो, त्यामुळे रेल्वेने हाच प्रवास सुमारे 375 किलोमीटरचा होतो.

हे मनमाडचे वळण केवळ भूगोलाचे नाही. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे 1900च्या सुमारास मनमाडपर्यंत आली ती मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गावर. मुंबईकडचा मार्ग ब्रॉडगेज होता, त्यामुळे मराठवाड्याचा माल मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. 1990च्या दशकाच्या आरंभी गेजबदल होईपर्यंत या हमालीत जाणारे तास अंतराच्या कोणत्याही कोष्टकात दिसत नव्हते.

असाच बदल केनियात घडला. भारतीय मजुरांच्या श्रमांतून 1896पासून उभारलेला मोंबासा-नैरोबी मीटरगेज मार्ग अलीकडच्या काळात प्रवाशांची रात्रभर परीक्षा पाहत असे. 2017मध्ये नवा स्टँडर्डगेज मार्ग सुरू झाला आणि जलद गाडीला सुमारे पाच तास पुरू लागले. दोन्ही शहरे मात्र जागच्या जागीच होती.

मराठवाड्याला तसा मोठा फरक रस्त्याने दिला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022मध्ये, तर इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा अखेरचा टप्पा जून 2025मध्ये खुला झाला. नागपूर ते मुंबई हा सुमारे सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आल्याचे सांगितले जाते, परंतु हा आकडा मोटारीचा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. सपाट भागात मोटारीला ताशी 120 किलोमीटरची, तर मालमोटारीला 80 किलोमीटरची मर्यादा आहे. त्यामुळे 300 किलोमीटरचा जो पल्ला मोटार न थांबता अडीच तासांत कापू शकते, त्यालाच मालमोटारीस पावणेचार तास लागतात.

शेंद्र्यातील कारखानदाराच्या दृष्टीने तर आमणे हा प्रवासाचा शेवटही नव्हे. निर्यातीचा कंटेनर न्हावा-शेवा येथील बंदरात जहाजाच्या 'कटऑफ'पूर्वी, म्हणजे माल स्वीकारण्याच्या अंतिम वेळेआधी, पोहोचावा लागतो. ती चुकली तर पुढच्या जहाजाची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. म्हणून येथे सरासरी वेळ फारशी कामाची नाही. भिवंडी परिसरातील कोंडी, पावसाळ्यातील घाट आणि बंदराच्या दारावरची रांग यांचा सर्वांत वाईट दिवस गृहीत धरून गाडी किती आधी सोडायची हे ठरते, आणि महामार्गाने वाचवलेल्या तासांपैकी काही या राखीव वेळेतच खर्ची पडतात.