कॉरेगिडॉर : टेकडीच्या पोटातलं युद्ध

मनिला उपसागराच्या तोंडावरचं हे फिलिपिन्सचं बेट बेडकाच्या पिल्लासारखं आहे : डोकं मोठं, शेपूट लांब. मालिंटा टेकडीतला बोगदा मात्र चुकवू नका. लांबी सुमारे २५० मीटर. त्याला फुटलेल्या फाट्यांत हजार खाटांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२मध्ये अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर बेटावरून टॉर्पेडो बोटीने निसटला. मागे राहिलेल्यांनी ६ मे रोजी जपान्यांपुढे शस्त्रं ठेवली. बेट परत घ्यायला फेब्रुवारी १९४५मध्ये अमेरिकी छत्रीधारी सैनिक उतरले ते चक्क जुन्या गोल्फ मैदानावर! वर पठारावर ‘बॅटरी वे’ या तोफतळावरच्या १२ इंची उखळी तोफा आणि बराकींचे सांगाडे आहेत. बेटावर नंतर उभारलेल्या युद्धस्मारकापेक्षा हे सांगाडेच अधिक बोलतात. पाणी आणि विजेरी सोबत ठेवा.