आधी तार, मग रेडिओ

हॅम रेडिओची परीक्षा नुकतीच पास झालेल्या एका वाचकानं पत्र पाठवून विचारलं आहे, की पूर-भूकंपाच्या वेळी स्वयंसेवक म्हणून जायचं तर पाठीवरच्या सॅकमध्ये कोणता रेडिओ ठेवावा? पत्रात तीन मॉडेलं आहेत, त्यांचे वॅट आहेत, किमती आहेत. अँटेनाचा मात्र कुठंच उल्लेख नाही. माझं उत्तर असं, की सॅक भरताना आधी तार आणि दोरी ठेवा. रेडिओचं नंतर बघू.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळचा समुद्रतळ हादरला, तेव्हा हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. बचावकार्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि त्या दुर्मीळ ठिकाणाशी बोलायला जगभरचे हॅम ताटकळले होते. त्सुनामीनं नेहमीची संपर्कव्यवस्था मोडली आणि हौसेसाठी नेलेले संच आपत्कालीन केंद्राच्या कामी आले. संघातले काहीजण पुढं कार निकोबारलाही गेले. बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना या मार्गानं कळू लागली.

आता अंतर बघा. पोर्ट ब्लेअर ते कार निकोबार सुमारे २७० किलोमीटर. रेडिओसाठी हे मोठं अवघड अंतर आहे. हातात मावणाऱ्या १४५ मेगाहर्ट्झच्या हँडीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात उभी असलेली दोन माणसं दहाएक किलोमीटरवर एकमेकांच्या क्षितिजाआड जातात, मग खोक्यावर छापलेली ‘रेंज’ काहीही असो. याउलट उंच मनोऱ्यावरून क्षितिजाच्या रोखानं सोडलेली लघुलहर आयनांबरावर, म्हणजे वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरांवर, आपटून थेट शेकडो किलोमीटर पलीकडं उतरते, मधला पट्टा कोरडा ठेवून. सातासमुद्रापार बोलणं जमतं, शेजारच्या जिल्ह्याशी जमत नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो. अँटेना मुद्दाम खाली बांधायची! ७ मेगाहर्ट्झची आडवी तार जमिनीपासून पाच-सात मीटरवर ताणली, की तिची बहुतेक ऊर्जा सरळ वर जाते आणि अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरून परत खाली येते. पाण्याच्या पाइपचं तोंड छताकडं धरलं की सगळी खोली भिजते, तसा भोवतालचा तीन-चारशे किलोमीटरचा मुलूख या लहरींनी भिजतो. मध्ये डोंगर आला तरी बिघडत नाही, कारण लहर वरून येते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले. चिपळूणहून पुणं सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही, पण मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. अशा जागी वॅट वाढवून काही साधत नाही. तार योग्य उंचीवर बांधली तर साधतं.

आकाशातलं हे छत, म्हणजे आयनांबर, सिद्ध केल्याचं श्रेय एडवर्ड अ‍ॅपलटन यांना मिळतं, आणि ते रास्तच आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राचे कार्यक्रम संपल्यावर रात्री त्याच प्रक्षेपकाची वारंवारता हळूहळू बदलत त्यांनी हा प्रयोग केला. १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच १९४७ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीनं शिशिरकुमार मित्र यांचा ‘द अपर अ‍ॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ काढला. आयनांबराचे थर कोलकात्याच्या आकाशात मोजत मित्रांनी वर्षानुवर्षं घालवली होती, आणि वरच्या वातावरणाबद्दल तोवर जमलेलं ज्ञान या एका ग्रंथात आणलं होतं. त्याचं रशियन भाषांतरही झालं. रमण, बोस, साहा ही नावं आपल्या शाळकरी मुलांना पाठ असतात. मित्रांचं नाव मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही ऐकलेलं नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. भारतातल्या प्रत्येक हॅमनं ते ऐकलेलं असावं.

तर तार. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, डायपोलची, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या तारेची, लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी वीस मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडं दहा-दहा. साधी प्लास्टिक आवरणाची लवचीक वायर चालते. पण रात्री आयनांबर विरळ होतं, तेव्हा ७ मेगाहर्ट्झची उभी लहर परत न येता आरपार निघून जाऊ शकते. मग साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं आणि तार दुप्पट लागते. म्हणून दोन्ही टोकांना जोडता येतील असे जादा तुकडे सोबत हवेत. पावसाळ्यात या खालच्या पट्ट्यात विजांची खरखर फार, हेही गृहीत धरावं. झाडावर दोरी टाकायला वजन आणि भरपूर नायलॉनची दोरी घ्या. वीज कडाडत असेल तर मात्र तारेला हात लावू नका, केबल सोडवून बाजूला व्हा.

आता वॅट. शंभर वॅटचा संच पूर्ण ताकदीनं बोलताना सुमारे २० अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना एकच. शक्ती पाव केली, शंभराची पंचवीस, तर समोरच्याला सिग्नल सहा डेसिबलनं कमी मिळतो. सिग्नल दाखवणाऱ्या मीटरवर हा जेमतेम एका ‘एस’ अंकाचा फरक! बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते. यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन-सव्वादोन किलोची असते आणि शंभर वॅटचा मारा तिला झेपत नाही. त्यामुळं वीस वॅटचा संच, तितक्याच वजनात जास्त वीज साठवणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी आणि घडीचं सोलर पॅनेल, ही माझी निवड.

हँडीही घ्या, छावणीतल्या छावणीत तीच कामाची. तिच्या रबरी अँटेनाऐवजी ४९ सेंटिमीटरची पाव-तरंग अँटेना लावली की आवाज लगेच सुधारतो. केबलचा लोभ मात्र टाळा. नेहमीच्या बारीक आरजी-५८ केबलचे वीस मीटर १४५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून अधिक शक्ती गिळतात. ७ मेगाहर्ट्झवर तीच केबल जेमतेम एका डेसिबलला पडते.

राहिलेल्या जागेत जादा फ्यूज, कनेक्टरचे अडॅप्टर, मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप, हेडफोन आणि परवान्याची प्रत. वही आणि शिसपेन्सिल मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, कारण निरोप कानानं घेतला तरी तो द्यायचा असतो कागदावरून, शब्द न शब्द तसाच. औषधाचं नाव, गोळ्यांची संख्या, माणसाचं आडनाव, सगळं अक्षर-अक्षर वाचून समोरच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचं. पावसात शाई पसरते, शिसाचं अक्षर राहतं.