सीटखालची खाच

पुढच्या सीटचे चार बोल्ट काढले, सीट मागं कलती केली आणि गालिचा उचलला, तर खालच्या जाड फोममध्ये पुस्तकाएवढी चौकोनी खाच कापलेली दिसली. आत काहीच नव्हतं. माझी स्कोडा लॉरा मी जुनीच विकत घेतलेली. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात फोनची सोय नव्हती, पण ती बसवायची जागा मात्र राखून ठेवलेली होती. ही गाडी तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडलेली. २००१ मध्ये तिथं ऑक्टाव्हियापासून सुरुवात झाली, मग २००५ मध्ये लॉरा आली. मॉडेल एकच, कुणाच्या गाडीत ब्लूटूथनं फोन जोडणारा डबा, कुणाच्या गाडीत नुसती खाच.

मला तो डबा हवा होता तो धूलकोटच्या रस्त्यामुळे. आमचं गाव बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत. बऱ्हाणपूरकडे निघालं की वळणं, चढउतार, मध्येच बैलगाडी नाहीतर कापसानं लादलेला ट्रॅक्टर. केळीची कापणी चालू असली की व्यापाऱ्याचा फोन नेमका अशाच ठिकाणी येतो. एका हातात फोन आणि एका हातात स्टिअरिंग, असं मी वर्षानुवर्षं केलं. एकदा वळणापलीकडे बकऱ्यांचा कळप आडवा आला. ब्रेक लागला, कळप वाचला, पण हातातला फोन निसटून ब्रेकच्या पेडलमागं घरंगळत गेला. तो आणखी दोन इंच सरकला असता तर, हा विचार महिनाभर डोक्यातून गेला नाही.

बाजारात सोपे उपाय आहेत. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएमचा तुकडा मिळतो, मोठ्या पडद्याचा नवा प्लेअरही मिळतो. पहिल्यात आवाज खरखरतो. दुसऱ्यासाठी नीट जोडणी न वापरता पुष्कळ ठिकाणी मूळ वायरिंगला सरळ कात्री लावतात, मग स्टिअरिंगवरची बटणं मुकी होतात. जुन्या गाडीची वायर कापणं मला पटत नाही. कंपनीचाच डबा शोधायचा, असं ठरवलं.

मोटारीतला फोन ब्लूटूथच्या आधीचा आहे. तेव्हा डॅशवर ठरावीक फोनच्या मापाचा पाळणा असायचा. फोन बदलला की पाळणा निकामी. एरिक्सनमध्ये याप हार्टसेन यांनी १९९४ च्या सुमारास बिनतारी जोडणीवर काम सुरू केलं. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आले, आणि दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं नाव या तंत्राला मिळालं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाटांवर ही लहर सेकंदाला १,६०० वेळा उडी मारते, म्हणून गर्दीतही बोलणं तुटत नाही. लॉराच्या काळचा डबा आजच्या फोनशी जुळतो, कारण नव्या फोनांनी ब्लूटूथची जुनी भाषा टाकून दिलेली नाही.

सगळेच डबे मात्र चालत नाहीत, आणि पैसे बुडतात ते इथंच. काही महागडे डबे फोनकडून सिमचा ताबाच घ्यायचे. मग फोन शांत, आणि गाडी स्वतः टपावरच्या अँटेनानं बोलायची. आमच्यासारख्या कमी रेंजच्या मुलुखात ही कल्पना फार मोलाची होती. पण आयफोननं ती कधीच स्वीकारली नाही, बहुतेक अँड्रॉइडनंही नाही. शिवाय ते डबे जुन्या जीएसएमवर, म्हणजे टूजीवर, चालणारे आणि जिओकडे टूजी नाही. म्हणून साधा हँड्सफ्रीचाच डबा घ्यावा. त्यातही सुरुवातीचे डबे फक्त फोन ऐकवतात, गाणी नाही. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मला माझा डबा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कापलेल्या गाड्यांच्या ढिगात मिळाला.

बऱ्हाणपूरच्या वायरिंगवाल्या काकांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. "आधी बॅटरी काढ. सीटखाली पिवळा सॉकेट दिसतोय ना, तो एअरबॅगचा. बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावायचा नाही." काम दीड दिवस चाललं. छताच्या आतल्या दिव्यापाशी माइक बसवला, त्याची वायर खांबाच्या आतून खाली आणली, डब्याला फ्यूजमधून वीज दिली आणि रेडिओपासून दोन पिळलेल्या तारा ओढल्या: एक नारिंगी-जांभळी, एक नारिंगी-तपकिरी.

या दोन तारा म्हणजे कॅन बस. बॉशनं हे तंत्र १९८६ मध्ये जगापुढं मांडलं. त्याआधी प्रत्येक बटणासाठी वेगळी वायर लागायची. इथं अनेक डबे याच दोन तारांवर बोलतात. कुणाशी बोलायचं याची यादी गेटवे नावाच्या डब्यात असते. लॅपटॉप जोडून त्या यादीत ७७ क्रमांकाच्या, म्हणजे टेलिफोनच्या, घरात खूण केली, आणि काट्यांमधल्या पडद्यावर फोनचा मेनू उमटला. गाडीला इतक्या वर्षांनी स्वतःचा एक अवयव ओळखता आला, असंच मला वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. फोन तर छान चालत होता! काकांनी मीटर लावला, गाडी कुलूपबंद केली आणि आम्ही बांधावर बसून राहिलो. झोपलेल्या गाडीनं ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं, तो आकडा खाली येतच नव्हता. या गाडीतली ही बस एक तार सुटली तरी दुसरीवर काम रेटून नेते, त्यामुळे दोष लपून राहिला होता. नारिंगी-तपकिरी तारेचा जोड मीच पिळून टेप गुंडाळून ठेवला होता. काकांनी काही न बोलता तो सोल्डर केला. अर्ध्या तासानं आकडा उतरला.

हात मोकळे झाले म्हणून लक्ष मोकळं झालं, असं मात्र कुणी समजू नये. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरलेल्या फोनचा समावेश झाला. पण युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर पाहिलं, तर हँड्सफ्रीवर बोलणाऱ्याचं लक्षही हातात फोन धरणाऱ्याइतकंच ढळत होतं. म्हणून वळणांच्या पट्ट्यात मी फक्त नाव बघतो. व्यापाऱ्याला सपाटीवर आल्यावर लावतो.

या जुन्या डब्याला देवनागरी वाचता येत नाही. मराठीत साठवलेल्या नावांच्या जागी पडद्यावर चौकोन उमटतात. धंद्याची सगळी नावं मी रोमनमध्ये करून घेतली, एक सोडून. दोन चौकोन दिसले की तो आईचा फोन, आणि तो मी गाडी कडेला घेऊन उचलतो.