ही खाच मधोमध का नाही?

घरात जुना कॉम्प्युटर आहे? टेबलाखाली, धुळीनं माखलेला, चालू केला की घर्रर्र करणारा? मस्त! आज आपण त्याच्या पोटात डोकावणार आहोत.

त्याच्यावर नवी गेम टाकली की काय होतं, सांगू? रेसमधली गाडी सुसाट सुटते आणि ऐन वळणावर थिजते. पुन्हा हलते तेव्हा ती झाडावर आदळलेली असते!

‘नवा घेऊ या ना!’ असं घरात म्हणून बघ. उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. पण जुन्याच कॉम्प्युटरमध्ये दोन-तीन नवे भाग बसवले तरी तो बऱ्याच गेम्स खेळवतो. अट एकच. भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत.

मुंबईच्या मुलांचं काय! लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरच्या भागांची दुकानंच दुकानं. चुकीचा भाग आणला तर संध्याकाळपर्यंत बदलून मिळेल. पण तू धाराशिव जिल्ह्यात, माकणीला राहत असशील तर? लातूर नाहीतर सोलापूर गाठायचं, भाग आणायचा, घरी येऊन बघायचं... आणि तो बसतच नाही! मग पुन्हा एसटी. म्हणून माकणीच्या मुलांनी घरीच नीट बघून, आकडे वहीत लिहून निघावं.

कारण गंमत अशी आहे, की आपण कुठे बसणार हे ते भाग स्वतःच सांगतात!

आधी घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे. कॉम्प्युटर बंद कर आणि प्लग काढून टाक. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लाव. का? स्वेटर काढताना चटचट होतं ना, ती वीज अंगावर असेल तर निघून जाते. नाजूक चिपला तेवढासा झटकासुद्धा सोसत नाही. हो, आणि एसएमपीएस, म्हणजे जिथे विजेची वायर शिरते तो डबा, कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठलेली असते!

आता कडेचं झाकण काढ. ती हिरवी किंवा काळी उभी पट्टी दिसली? ती रॅम. कॉम्प्युटरचा ओटाच म्हण ना! स्वयंपाक करताना बाबा फडताळातून लागेल ते काढून ओट्यावर मांडतात. ओटा इवलासा असेल तर? डबा काढा, डबा ठेवा, पुन्हा काढा. फोडणी जळून जाते! गेम थिजते तीही बऱ्याचदा अशीच. फडताळ म्हणजे हार्ड डिस्क, आणि ओटा कमी पडला की कॉम्प्युटर तिच्याकडे सारख्या खेपा घालतो.

रॅमची पट्टी हळूच काढून हातात घे. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. त्यांना खरंच सोन्याचा मुलामा असतो, बरं का! आणि त्या दातांमध्ये एक खाच आहे. नीट बघ. ती मधोमध नाही. जराशी एका बाजूला आहे.

का बरं? एक तर पट्टी उलटी बसू नये म्हणून! पण खरी हुशारी पुढे आहे. डीडीआर 3 नावाची रॅम आणि डीडीआर 4 नावाची रॅम शेजारी ठेव. लांबी सारखीच. पण पहिलीला दात 240 आणि दुसरीला 288. आणि खाच? दोघींची वेगळ्या जागी! पहिली चालते दीड व्होल्टवर, दुसरीला 1.2 व्होल्टच लागतात. चुकून एक दुसरीच्या जागी बसली असती तर घोटाळाच झाला असता. म्हणून खाचच आडवी येते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नकोस, ती तुला ‘माझं घर हे नाही’ असं सांगतेय!

अजून एक बघ. डीडीआर 4 ची खालची कड सरळ नाही, मधे जराशी फुगलेली आहे. शाळा सुटल्यावर सगळा वर्ग एकदम दारात घुसला तर चेंगराचेंगरी होते ना? 288 दात एकदम आत सारायचे तर असाच जोर लागला असता. फुगवट्यामुळे दात थोडे मागेपुढे शिरतात. इतक्या बारक्या गोष्टीचाही कुणीतरी विचार केलाय!

आता सांग बघू, गेममध्ये सगळ्यांत जास्त राबतं कोण?

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग! फुल एचडी पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला की 20,73,600 ठिपके. गेममध्ये ते सेकंदाला 60 वेळा रंगवायचे. झाले किती? 12 कोटी 44 लाख! 2011 च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाखांच्या आसपास होती. म्हणजे तेव्हाच्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला रंग लावून झाला, तरी डब्यात रंग उरला. आणि हे सगळं एका सेकंदात!

मग एक फुकटातली युक्ती सांगू? गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन 1366 गुणिले 768 निवड. ठिपके जवळजवळ निम्मे होतात. चित्र थोडं धूसर दिसेल, पण गाडी पळेल. एक रुपया खर्च नाही!

तरी कार्ड घ्यायचंच असेल तर कंपासपेटीतली पट्टी काढ. हो, तीच! कॅबिनेटमध्ये मोकळी जागा किती लांब आहे ते मोज. काही कार्डं पट्टीपेक्षाही मोठी असतात. ऑफिसातून आलेला बारीक अंगाचा कॉम्प्युटर असेल तर त्याला बुटकं कार्ड लागतं. दुकानात ‘लो प्रोफाइल’ म्हणायचं.

मग वीज. ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो जास्तीत जास्त 75 वॅट देतो. साध्या जुन्या छतावरच्या पंख्याला लागते साधारण तेवढीच! याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. ती तुझ्या एसएमपीएसला आहे का? त्याच्यावर चिकटवलेल्या कागदावर किती वॅट लिहिलंय? दोन्ही वहीत टिपून घे.

आणि प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप? इथे तर आकडाच नाव होऊन बसलाय! प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेट. इंटेल कंपनीचं 1155 नावाचं सॉकेट म्हणजे बरोब्बर 1155 टोकं. 1150 मध्ये पाचच कमी, पण 1155 चा प्रोसेसर त्यात बसायचा नाही. 1151 तर महाखट्याळ. इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, अगदी छान बसतो. बसतो, पण चालत नाही! म्हणून मदरबोर्डवर छापलेलं त्याचं नाव वाचायचं आणि कंपनीच्या यादीत शोधायचं. त्यात नसलेला प्रोसेसर आणायचाच नाही. जाता जाता, 1993 साली आलेल्या पहिल्या पेंटियमला पिना होत्या फक्त 273. तो घडवण्यात मोठा वाटा असलेले विनोद धाम जन्मले कुठे, ओळख! आपल्या पुण्यात!

एक प्रश्न राहिला. सगळे पैसे एकाच भागावर घालावेत का? माकणीला तेरणा नदीवर धरण आहे, ते डोळ्यांसमोर आण. धरण तुडुंब भरलंय, पण शेतापर्यंत येणारी चारी अरुंद असली तर? पिकाला पाणी चारीएवढंच! जुन्या, मंद प्रोसेसरला भलंमोठं कार्ड जोडलं तर ते कार्ड निम्मा वेळ नुसतं वाट बघत बसतं.

कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. गेम चालू असताना कोण शंभर टक्क्यांवर टेकलंय? तीच तुझी अरुंद चारी.

माझं मत विचारशील तर रॅमनंतर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारं नवं फडताळ, घ्यावी. तुझी जुनी हार्ड डिस्क बहुतेक मिनिटाला 7200 फेऱ्या मारत असेल. म्हणजे सेकंदाला 120! तरी ती हवी ती माहिती शोधत फिरत राहते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्यामुळे गाडी जास्त पळणार नाही, पण गेम उघडेपर्यंत जांभया द्याव्या लागणार नाहीत.

आणि तुझा कॉम्प्युटर रोज चालू केला की तारीख विसरतो का? मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल. तिच्यावर बहुतेक सीआर 2032 लिहिलेलं असतं. यातला 20 म्हणजे 20 मिलिमीटर रुंदी. मग 32 कशाचे असतील? पट्टी हातात आहेच, जाडी मोजून बघ!