मुंबईचा पगार आणि सोलापूरचा संसार

एकाच आईचे दोन मुलगे. एक मुंबईस परळच्या गिरणीत, दुसरा सोलापुरास जुन्या गिरणीत. दोघेही सारख्याच यंत्रापुढे उभे राहतात, दोघांचे काम सारखेच, आणि महिन्याचे सव्वीस दिवस दोघेही सारखेच भरतात. तरी महिनाअखेर थोरल्याच्या हाती तीस रुपये पडतात आणि धाकट्याच्या हाती सव्वीस. हे कुटुंब कल्पित असले तरी आकडे खरे आहेत. १९४७ व १९४८ या दोन वर्षांत मुंबई प्रांताच्या औद्योगिक न्यायालयाने कापडगिरण्यांतील सर्वांत खालच्या कामगाराचे मूळ मासिक वेतन ठरवून दिले. ते मुंबईस ३० रुपये, अहमदाबादेस २८ रुपये आणि सोलापुरास २६ रुपये असे होते. सोलापूरच्या कामगाराला रोज बरोबर एक रुपया पडे, तर मुंबईच्या कामगाराला त्यावर सुमारे अडीच आणे अधिक मिळत.

हे अडीच आणे न्यायाचे होते की अन्यायाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तो उकलू लागले म्हणजे प्रथम धान्याच्या दुकानात, मग चाळीच्या खोलीत आणि अखेर कायदेमंडळाच्या सभागृहात जावे लागते.

प्रथम प्रांताबाहेरचे आकडे पाहावेत. त्याच सुमारास नागपूर व मद्रास येथील मूळ वेतन सोलापूरइतकेच, म्हणजे २६ रुपये होते. कानपूर मुंबईच्या बरोबरीने ३० रुपयांवर होते. पश्चिम बंगालच्या गिरण्यांत मात्र ते २० रुपये २ आणे ५ पै इतकेच ठरले. कलकत्ता हे काही खेडेगाव नव्हे. मग मोठ्या शहरात राहणी महाग म्हणून वेतन अधिक, हे सरळ सूत्र तेथे लागू पडत नाही हे उघड आहे. वेतनाचा आकडा केवळ बाजारभाव ठरवीत नाही. त्या प्रांतात कामगार किती संघटित आहेत, धंदा किती नफ्यात आहे आणि निवाडा करणाऱ्या मंडळापुढे कोणता कायदा आहे, या सर्वांचा हात त्यात असतो.

आता संसाराकडे वळावे. मालकपक्षाचे म्हणणे असे की, सोलापुरास राहणी स्वस्त आहे. या म्हणण्यात तथ्य होते. सोलापूर हे ज्वारीच्या मुलखाच्या मध्यावर वसलेले आहे. भाकरीचे धान्य, कडधान्य आणि करडईचे तेल ही भोवतालच्या तालुक्यांतून बाजारात येत. मुंबईस दाणा आगगाडीने किंवा गलबताने आणावा लागे. घरभाड्यात तर दोन्ही शहरांची तुलनाच नव्हती. मुंबईच्या बेटावर जागा मोजकी आणि माणसे अगणित, त्यामुळे दहा फुटांच्या खोलीत दोन दोन बिऱ्हाडे नांदत. सोलापुरास निदान पत्र्याचे छप्पर आणि समोर हातभर अंगण मिळे. शिवाय सोलापूरच्या गिरण्यांत एके काळी कामगारास स्वस्त दराने धान्य देण्याची चाल होती. त्यामुळे पगाराचा काही भाग रोकडीत न दिसता पोत्यात दिसे.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजू आहे. स्वस्त धान्याचा दर गिरणीच्या मर्जीवर अवलंबून असतो. सवलत काढून घेतली की पगाराला हात न लावता पगार उतरतो. दुसरे असे की, मुंबईचा कामगार पुष्कळदा एकटा राही. बायकामुले रत्नागिरी-साताऱ्याकडे गावी, आणि हा खानावळीत जेवून घरी मनिऑर्डर करी. सोलापूरचा कामगार बहुधा कुटुंबासह राही. त्याचे वाडवडील जवळच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेले, किंवा तेलंगणातून हातमाग घेऊन आलेले पद्मशाली. त्यांच्यामागे परत जाण्यासारखी शेती क्वचितच होती. एका पगारावर चार तोंडे बसली म्हणजे स्वस्ताई पुरेशी पडत नाही. मग घरातील स्त्री गिरणीत रिळावर जाते, नाहीतर घरी विड्या वळते. कुटुंबाची एकूण मिळकत पाहून राहणी भागते असे म्हणावयाचे, आणि ती मिळकत दोन-तीन माणसांच्या श्रमाची आहे हे मात्र सोडून द्यावयाचे, ही या विषयातील नेहमीची चूक आहे.

या वादात आकड्यांचा आधार असावा म्हणून मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी काढली. कचेरीच्या लोकांनी कामगारांच्या घरोघर जाऊन धान्य, सरपण, कपडालत्ता, भाडे, विडीकाडी आणि सावकाराचे व्याज या सर्वांचा जमाखर्च टिपून घेतला. मुंबईची पहिली पाहणी १९२१-२२ ची, सोलापूरची १९२५ ची आणि अहमदाबादेची १९२६ ची. या पाहण्यांतून राहणीखर्चाचे निर्देशांक तयार झाले, आणि पुढे महागाई भत्ता त्या निर्देशांकांशी बांधला गेला.

निर्देशांक म्हणजे काय, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. कारण याच ठिकाणी सुशिक्षितांचाही घोटाळा होतो. एखाद्या पायाभूत वर्षी कामगाराच्या संसाराला जो खर्च येई त्याला १०० म्हणावयाचे आणि नंतरचा खर्च त्याच्या प्रमाणात सांगावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. समजा, एका शहरात शंभर रुपयांत होणारा संसार दीडशेवर गेला आणि दुसऱ्या गावी साठ रुपयांत होणारा एकशे वीसवर गेला. पहिल्याचा निर्देशांक १५० आणि दुसऱ्याचा २००. आकडा दुसऱ्या गावचा मोठा, तरी स्वस्त तेच. निर्देशांक प्रत्येक गावाची तुलना त्याच्याच भूतकाळाशी करतो, शेजारच्या गावाशी नव्हे.

त्यातच पायाभूत वर्षे निरनिराळी होती. सोलापूरचा पाया फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा होता. अहमदाबादेचा ऑगस्ट १९२६ ते जुलै १९२७ आणि मुंबईचा जुना पाया बदलल्यावर जुलै १९३३ ते जून १९३४. मधल्या काळात जगभर मंदी येऊन भाव कोसळले होते. सोलापूरचा पाया मंदीपूर्वीच्या चढ्या भावांचा आणि मुंबईचा मंदीतल्या पडत्या भावांचा. म्हणून १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुंबईचा आकडा शंभराच्या थोडा वर होता आणि सोलापूरचा शंभराच्या बराच खाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सोलापुरास किती स्वस्ताई पाहा’ असे म्हणणे म्हणजे दोन घरांच्या दोन वेगळ्या मापांनी दूध मोजून भांडण्यासारखे होते. दोन शहरांची खरी तुलना करावयाची तर तेच शेरभर धान्य, तेच धोतर, तेवढीच खोली दोन्हीकडे एकाच महिन्यात काय भावाने मिळते, हे मोजावे लागते. शिवाय सोलापूरचा मनुष्य ज्वारी खातो आणि मुंबईतील कोकणचा मनुष्य भात खातो, म्हणून हेही माप पुरते जुळत नाहीच.

आता राजकारण. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच वर्षी गिरणी कामगारांच्या वेतनाच्या चौकशीसाठी समिती नेमण्यात आली, आणि तिच्यापुढे मुंबई, अहमदाबाद व सोलापूर ही तिन्ही केंद्रे आली. १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचा कायदा झाला आणि १९४६ मध्ये त्याची जागा मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. या कायद्याने प्रत्येक धंद्यासाठी स्थानिक क्षेत्रे पाडली. त्यामुळे वाद शिस्तीने मिटू लागले हे खरे. पण मुंबईचा खटला निराळा आणि सोलापूरचा निराळा झाला, हेही तितकेच खरे. प्रांताच्या सीमेबाहेर तर हे कायदे लागूच नव्हते. सोलापुरातून काही मैल गेले की अक्कलकोट संस्थान लागे, आणि पलीकडे निजामाचे राज्य. ज्वारी, कापूस व माणसे सीमा ओलांडून येत; कायदा मात्र सीमेवरच थांबे.

कायद्याने ठरलेले वेतन गिरणीचा दरवाजा उघडा असेल तरच हाती येते, हे सोलापूरने लवकरच अनुभवले. १८७०-८० च्या दशकात उभी राहिलेली सोलापूरची जुनी गिरणी २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद झाली. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून सरकारने तिचा कारभार आपल्या हाती घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९५० रोजी फेटाळला. परंतु दुसऱ्या दाव्यात १८ डिसेंबर १९५३ रोजी त्याच न्यायालयाने, भरपाईवाचून मालमत्ता ताब्यात घेणारा हा कायदा घटनेशी विसंगत ठरविला. एका शहरातील हजारो चुली आणि भागधारकांचा हक्क यांतला हा झगडा आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. त्या चुलींची आठवण मात्र सोलापुरातच राहिली आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले आणि अहमदाबाद दुसऱ्या राज्यात गेले. एका न्यायालयापुढची तुलना आता दोन राज्यांमधली झाली. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या आणि सोलापूरचा संसार चादरी व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांवर आणि विड्यांवर येऊन टेकला. विडी वळणारी स्त्री महिन्याचा पगार मोजीत नाही, हजारी मोजते; आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली दर हजार विड्यांचा भाव प्रत्येक राज्याने आपापला ठरविला. पान आणि तंबाखू पिशवीत मावतात. म्हणून एका राज्याने भाव वाढविला की काम दुसऱ्या राज्यात नेण्याची भीती घालता येते. कोणत्याही राज्याला ज्याच्या खाली उतरता येणार नाही असे तळाचे वेतन केंद्राने ठरवावे, ही तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली, ती याच अनुभवातून.

तथापि वेतनाइतकेच भाड्यालाही महत्त्व आहे, हे सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी ओळखले. कुंभारी येथे त्यांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते तेथील घरे देण्यात आली. भाडे वाचले म्हणजे पगार न वाढताही वाढतो. धान्याची सवलत काढून घेता येते. स्वतःच्या नावावरचे घर सहजासहजी काढून घेता येत नाही.

निर्देशांक आजही निघतो. २०१६ हे पायाभूत वर्ष धरून देशातील ८८ केंद्रांची जी मालिका सुरू झाली, तीत मुंबई आहे आणि सोलापूरही आहे. तो आकडा वर्तमानपत्रात आला म्हणजे वाचकाने दोन प्रश्न विचारावेत: पाया कोणता, आणि घरात कमावणारे हात किती? ही दोन उत्तरे मिळाल्यावाचून थोरला भाऊ सुखी की धाकटा, हे सांगता येत नाही. अडीच आण्यांचा फरक मुंबईच्या खोलीभाड्यात केव्हाच जिरून गेला असेल; पण सोलापूरच्या धाकट्याच्या घरी त्याच अडीच आण्यांसाठी कोणीतरी रात्री दिव्यापुढे बसून विड्या वळीत होते.