शेगावची कचोरी आणि जैन प्रवासी

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव श्री गजानन महाराजांच्या समाधीमुळे सर्वदूर परिचित आहे. गाडी स्थानकात थांबताच मात्र कानी पडते ती कचोरीची हाक. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास येथे ती विकण्यास आरंभ केला आणि पुढे गावाचे नावच तिला जडले. मैद्याची पारी, डाळीचे तिखट सारण आणि सोबत तळलेली हिरवी मिरची, एवढाच तिचा थाट. सारण कोरडे असल्याने ती लवकर विटत नाही. अल्प मोलात भूक भागते आणि घरच्यांसाठी शिदोरीही होते.

जैन कुटुंबाने मात्र काही गोष्टी सांभाळाव्यात. सारणात कांदा, लसूण वा ओले आले आहे का, हे विक्रेत्यास आधी विचारावे. प्रत्येक दुकानाची कृती निराळी असते. घरी नेलेली कचोरी कच्च्या दह्यासोबत घेऊ नये, कारण डाळ व दही मिळून द्विदल होते. गाडी सायंकाळी पोहोचणार असेल, तर सूर्यास्ताचे भान ठेवावे. विचारल्यावर शंका उरली, तर मोह आवरावा. कचोरी पुढच्या फेरीतही मिळेल, मोडलेला नियम मात्र मनाला सलत राहतो.