बटण आपण बदलायचं की वायरमन बोलवायचा?

आजचा विषय बटणाचा. शर्टाच्या नव्हे, भिंतीवरच्या.

बेंगळुरूच्या चिकपेटला लागूनच बी. व्ही. के. अय्यंगार रोड आहे. स्विच, सॉकेट, वायर, एमसीबी, सगळी विजेच्या सामानाची दुकानं. जवळच्याच सिटी मार्केटच्या भागात ५ ऑगस्ट १९०५ रोजी या शहरात पहिल्यांदा विजेचे दिवे लागले. वीज आली होती शिवनसमुद्रहून. ते केंद्र १९०२ साली सुरू झालं, तेही मुळात कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. शहराच्या वाट्याला ती नंतर आली.

आता त्या गल्लीत आपलं माणूस काय करतं? जुनी प्लेट पिवळी पडली म्हणून नवी घ्यायला जातं. दुकानदार ६ अँपिअरचं सॉकेट दाखवतो, बाजूला १६ चंही दाखवतो. फरक थोड्या रुपयांचा. मग मनात येतं, मोठंच घेऊ, पुढेमागे गिझरला कामाला येईल. बहुतेक गडबड इथेच सुरू होते.

हिशेब बघा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. म्हणजे ६ अँपिअरवर साधारण १३८० वॅट. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते, चालून जातं. २००० वॅटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढते. सॉकेटवर १६ लिहिलं म्हणून भिंतीतली वायर जाड होत नाही. ती दिव्यापंख्यासाठी टाकलेली दीड चौरस मिलिमीटरची, जुन्या घरात त्याहूनही बारीक. मग एमसीबी पडायला लागते, आणि कुणीतरी सुचवतं, ‘एमसीबीच मोठी टाका ना!’ एमसीबी असते वायर वाचवायला. ती मोठी केली की वायर भिंतीच्या आत तापते आणि आपल्याला दिसतही नाही.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ वा नियम होता. परवानाधारक ठेकेदाराशिवाय वायरिंगचं काम करायचं नाही. पण दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची अदलाबदल चालेल, जोवर त्यानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. मला ही रेघ फार शहाणपणाची वाटते. सहाच्या जागी सहा, ते तुमचं काम. सहाच्या जागी सोळा, ते वायरमनचं. आणि भाड्याचं घर असेल तर आधी मालकांच्या कानावर घाला.

खरेदीला जाताना जुना स्विच सोबत न्या, निदान फोटो तरी. आयएसआय चिन्ह बघा; स्विचसाठी आयएस ३८५४, प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३.

काम दिवसाउजेडी करा. आधी त्याच सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो ना, ते बघा. टेस्टरच मेलेला असेल तर तो सगळीकडे ‘वीज नाही’ असंच सांगणार. मग मेन स्विच बंद करा, नुसती त्या खोलीची एमसीबी नव्हे. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची उलटापालट झालेली असली, तर एकेरी एमसीबी पाडूनही बोर्डात करंट राहतो. आणि इन्व्हर्टर! मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे तुमच्या बोर्डात वीज सोडतो. तोही बंद करा. प्लेट उघडल्यावर प्रत्येक स्क्रूला पुन्हा टेस्टर लावा.

वायरी सोडण्याआधी फोटो काढा. एका स्क्रूखाली दोन वायरी दिसल्या तर गोंधळू नका. फेज एका स्विचवरून दुसऱ्यावर तशीच फिरवलेली असते. त्यातली एक सुटली की शेजारची बटणंही बंद पडतात. एक वायर काढा, नव्या स्विचमध्ये तिथेच बसवा, मग दुसरी. तांब्याची एकही तार बाहेर राहू देऊ नका. स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून बघा. सैल जोड ठिणग्या टाकतो.

स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर लावला तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच असतो. बल्ब बदलताना शॉक बसतो तो असा. सॉकेटसमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. लाल, पिवळी किंवा निळी वायर फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. हे पुस्तकात, जुन्या घरात रंगावर जाऊ नका, टेस्टरवर जा. अर्थिंगची वायर सापडलीच नाही तर न्यूट्रलचा तुकडा तिथे जोडायचा नाही, काही झालं तरी. न्यूट्रल कुठे तुटला तर मिक्सरच्या अंगात करंट येतो.

आत ॲल्युमिनियमची वायर दिसली, वरचं आवरण जळून कडक झालेलं दिसलं किंवा भिंतीला ओल असली, तर प्लेट परत लावा, मेन बंदच ठेवा आणि वायरमनला फोन करा.

सगळं बसलं, प्लेट लागली, की मेन चालू करा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्यावरचं ‘टी’चं बटण दाबा, तो खट्‌कन पडला पाहिजे. मग नव्या सॉकेटवर अर्धा तास इस्त्री चालवा, बंद करून प्लग काढा आणि प्लेटवर हात ठेवा. गरम लागली तर मेन बंद करून वायरमनला बोलवा.